भर उन्हातला हीटर

रेणापूरहून, अक्काच्या घरून फोन आला की तो उचलायलाच मी घाबरायचे. दाजींची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून आम्ही सगळे, बोलून दाखवत नसलो तरी, एकाच बातमीच्या धास्तीत होतो. त्या सकाळी नांदेडच्या घरी फोन वाजला आणि मी मनात म्हटलं, गेले दाजी. कानाला लावला तर पलीकडे दाजीच बोलत होते. "रेखा, तुझी अक्का उठंना गं..." एवढंच. ज्याची आशा सोडली होती तो माणूस मागे उरला आणि धडधाकट अक्का झोपेतच गेली. याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही.

अक्का माझी थोरली बहीण, शाळेत बाई होती. दाजींना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला लातूरला न्यावं लागायचं, म्हणून तिने एक जुनी गाडी घेतली आणि पन्नाशीत चालवायला शिकली. गाडी भलती नखरेल. गाव सुटलं की तापमानाचा काटा लालकडे सरकू लागायचा. मिस्त्री म्हणायचा, गाडी सोडून जा, बघतो. पण गाडी सोडली तर दाजींना न्यायचं कशात? एसटीत चढण्याचंही त्राण त्यांच्यात नव्हतं. मग अक्काने अंगणातच बॉनेट उघडलं. रोज संध्याकाळी ती गाडीखाली पुठ्ठा अंथरायची आणि सकाळी गुडघ्यांवर बसून तो न्याहाळायची. पुठ्ठा कोरडा ठणठणीत, रेडिएटरमधलं पाणी मात्र कमी झालेलं!

"भूत पितंय का काय?" चार दिवस राहायला गेलेली मी वैतागून म्हणाले.

"तापल्यावरच गळतंय ते," ती म्हणाली. "थंड गाडी खोटं बोलतीय."

मग ती इंजिन चालू ठेवून, पदर खोचून, हातात टॉर्च घेऊन वाकली. एका पाइपाच्या तोंडाशी तिला पांढरा थर दिसला, हंड्याच्या बुडाला बसतो तसलाच. पाइप बदलला, क्लिप आवळली, गळती थांबली. तरी काटा चढायचाच, कारण तोच थर रेडिएटरच्या आतही साचला होता. आधीच्या मालकाने बोअरचंच पाणी ओतलेलं, अक्कानेही तेच ओतलं. जारचं गोड पाणी पिण्यापुरतं. ते गाडीला घालणं म्हणजे आमच्याकडे माज. पण त्या दिवसापासून ती कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या औषधात, जारचंच पाणी मिसळू लागली. दाजींना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं. "आपल्या घरात पोटभर पाणी पिणारी ही एकटीच," असं ते गाडीकडे बघून हसत म्हणायचे, आणि अक्का तोंड फिरवायची.

थर काही पुरता निघाला नाही. काटा चढला की अक्का हीटर पूर्ण सोडायची, म्हणजे इंजिनची उष्णता आत ओढली जायची. ऐन मे महिन्यात मी एकदा सोबत होते. काचा उघड्या, बाहेर झळा, आत भट्टी. दाजींचे ओठ फुटलेले, आणि त्यांना घोटभर पाणी देण्याचीही चोरी.

"बंद कर गं अक्का, मरतील ते!" मी ओरडले.

"गाडी थांबली तर मरतील," ती म्हणाली.

ती रडत होती आणि गाडी चालवत होती. लोक तिला खंबीर म्हणायचे. खंबीर कसली... जेरीस आली होती बिचारी. तिच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता.

तिची माती झाली, आणि दुसऱ्याच दिवशी दाजींचा डायलिसिसचा वार आला. ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. "आता न्हाई जायचं. कुणासाठी जायचं?" म्हणाले. मी विनवलं, भांडले, पाया पडले. ते हलेनात. एक माणूस गेलं होतं आणि दुसरं माझ्या डोळ्यांदेखत जायला निघालं होतं. आपणच गाडी तयार केली तर उठतील, या वेड्या आशेने मी अंगणात गेले आणि इंजिन चालू केलं. रडता रडता काटा वर गेलेला मला दिसलाच नाही. दिसला तेव्हा गाडी बंद केली, धावत बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"अगं ए! हात काढ! तापल्यावर उघडू नगं, तोंड भाजंल!"

चौकट धरून दाजी दारात उभे होते. हातात अक्काचं फडकं, तिच्या जुन्या साडीचं, झाकण उघडायला ती वापरायची ते.

"थंड होऊ दे आधी. तिनं तुला एवढंबी शिकवलं न्हाई व्हय?" ते पायरीवर बसले. गाडी निवल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने झाकण उघडलं, जारचं पाणी ओतलं, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. मी गाडी लातूरच्या रस्त्याला लावली.

सध्या मी रेणापूरलाच राहते. रेडिएटर नवा बसवून घेतला, काटा आता मध्यावरून हलत नाही. तरी गाव सुटलं की दाजी हात पुढे करतात आणि हीटर लावतात. पहिल्यांदा मी तो बंद करायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे गं जरा... ती असली की असंच उकडायचं."

मी काचा खाली करते. आम्ही दोघं घामाघूम होत लातूरला जातो.