बिस्किटाचा पुडा

दिवाळी झाली की आमच्या तांड्यावरची निम्मी घरं ऊसतोडीला जातात. लेकरं म्हाताऱ्यांजवळ ठेवतात. निघताना सगळे एकच करतात. लेकराला बिस्किटं आणायला दुकानात धाडायचं आणि ते परत यायच्या आत गाडी सोडायची.

त्या वर्षी मानोऱ्याच्या स्टँडजवळ आमचा ट्रक उभा होता. माझ्या चार वर्षांच्या लेकीनं तिथंच मातीत अंग टाकलं. "मले बी ने," एवढंच ओरडत होती. लोक तमाशा पाहावा तसे थांबले. एक बाई म्हणाली, "लय लाडावून ठेवलं तुमी. दोन ठेवून द्या."

मला लेकीच्या रडण्यापेक्षा त्या लोकांची लाज वाटली. आजही आठवलं की अंगाची आग होते. मी तिला उठवलं, पदरानं नाक पुसलं आणि म्हणाले, "आजीसंगं जाय, बिस्किटाचा पुडा आण. मी इथंच उभी आहो."

ती लगेच गप्प झाली आणि सासूचं बोट धरून निघाली. मी ट्रकमध्ये चढले.

सहा महिन्यांनी परत आले, तर सासू कौतुकानं सांगायला लागली की लेकरू शहाणं झालं, कुठंच हट्ट करत नाही. दुसऱ्याच दिवशी पाहुणे आले. मी लेकीला म्हटलं, "जाय, दुकानातून बिस्किटं आण."

ती जागची हलली नाही. रडलीही नाही.

"तुले जायचं असन तं जाय," ती म्हणाली. "मले दुकानात नको धाडू."