बाहेरच्या घोड्यांची बंदूक

गोदामांच्या आवारात त्याला सगळे हवालदार म्हणत. तो कधी पोलिसात नव्हता की सैन्यात नव्हता. पण मिशी होती, खाकी कोट होता आणि खांद्यावर स्वतःची दुनळी बंदूक होती; एवढ्यावर लोकांनी त्याला बढती देऊन टाकली आणि त्यानेही ती कधी नाकारली नाही. स्वतःची बंदूक आणणाऱ्यालाच तिथे पहाऱ्यावर घेत. नोकरी खरी बंदुकीला आहे, हवालदार नुसता तिच्याबरोबर येतो, असं आवारातला कारकून म्हणायचा, आणि हवालदार सोडून सगळे हसायचे.

ती दुनळी जुन्या घडणीची होती. नळ्यांच्या मागे, बाहेरच्या अंगाला दोन घोडे. अंगठ्याने मागे ओढले की ते ताठ उभे राहायचे आणि मग चाप दाबला तर बार उडायचा. घोडे पुढे टेकून बसलेले असले तर चाप कितीही ओढा, बंदूक ढिम्म. अलीकडच्या बहुतेक बंदुकांचे घोडे पोटात असतात. बंदूक ताणलेली आहे की नाही, ते बाहेरून कुणाच्या बापाला कळत नाही.

हवालदाराच्या बायकोचा धाकटा भाऊ अशाच बिनघोड्याच्या बंदुकीने गेला. पुसत बसला होता, रिकामी आहे म्हणाला, आणि ती रिकामी नव्हती. हिचं तेव्हा नवीनच लग्न झालेलं. माहेरहून परत आल्यावर तिने चप्पल काढायच्या आधी नवऱ्याला सांगितलं, "ह्या घरात एक तर ती राहील, नाहीतर मी." आता नोकरी तर बंदुकीची. हवालदाराने तिला बंदूक टांगलेल्या भिंतीपाशी नेलं, घोडे दाखवले, समजावलं, आणि दोघांनी मिळून घरापुरता एक कायदा केला. बंदूक रिकामी आहे, असं ह्या घरात कुणी म्हणायचंच नाही. ती कायम भरलेली असेल आणि तिचे घोडे बसलेले असतील. विश्वास ठेवायचा तो डोळ्यांना दिसणाऱ्या घोड्यांवर, माणसाच्या बोलण्यावर नाही.

कायदा जगावेगळा होता खरा. पण त्याच्यावर दोघांचा संसार झाला, मुलगी वाढली, लग्न होऊन लांब गेली. कामावरून आला की तो बंदूक खुंट्यांवर आडवी ठेवायचा, तोंड खिडकीकडे, आणि बाजूला व्हायचा. ती हात पुसत यायची, मान वर करून बघायची आणि म्हणायची, "बसलेत." मग चहा व्हायचा.

हळूहळू तिची भीती अशी मोडली की बंदूक पुसायचं काम तिनेच स्वतःकडे घेतलं. चापाभोवतीचं पितळी कडं हिरवट पडायचं, म्हणून फडक्याचं टोक पिळून त्यातून ओवायची आणि खसाखसा घासायची. शेजारीण दारातूनच ओरडायची, "अगं बाई, जपून!" तर ही हसायची. "घोडे बसलेत की. हिच्यापेक्षा तुझा नवरा जास्त भडकतो."

मग एका तपासणीत जुन्या दुनळीच्या नळ्या बाद ठरल्या. आतून झिजून पातळ झाल्या होत्या, पुढचा बार उडवताना फुटतील म्हणाले. मालकाच्या माणसाने हवालदाराला गोड शब्दांत सांगितलं, की दुसरी बंदूक आणा, नाहीतर कोट जमा करा.

दुकानांत सगळ्या बिनघोड्याच्या. हवालदार एकेक हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. बायको म्हणाली, "सोडा आता नोकरी. वय झालं." तो उसळला. "सोडतो आणि घरी बसून काय करतो? डबे पुसतो?" बिनघोड्याची आणू का, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती आणि पुन्हा कधी डोळाभर झोपली नसती, हे त्याला ठाऊक होतं. माणूस तोऱ्याचा होता, पण बायकोच्या बाबतीत कोडगा नव्हता.

तेवढ्यात कळलं की एका कारखान्याने जुन्या धाटणीच्या, बाहेरच्या घोड्यांच्या बंदुका नव्याने काढल्या आहेत. हौशी लोकांना आवडतात म्हणे. हवालदार त्याच दिवशी दुकानात हजर.

दुकानदार पोरसवदा होता. त्याने बंदूक काचेवर ठेवली. नवंकोरं लोखंड, नक्षीदार घोडे. हवालदाराचा अंगठा आपोआप घोड्यावर गेला. ओढला, सावकाश सोडला, घोडा अलगद जागेवर येऊन बसला.

"काका, ह्याच्या घोड्यांचं जरा वेगळं—"

"मला घोडे शिकवतोस?" हवालदार म्हणाला. "तू रांगत होतास तेव्हापासून हे अंगठ्याखाली आहेत माझ्या."

"तसं नाही, पण ही नवी—"

"बांध."

गिऱ्हाईक खूश आहे म्हटल्यावर दुकानदार तरी कशाला तोंड वाजवील? त्याने बांधून दिली. हवालदाराने चाप एकदाही दाबून पाहिला नाही. रिकामा चाप ओढणं हे नवशिक्याचं लक्षण, असं त्याच्या उस्तादाने त्याला कान पिळून शिकवलं होतं.

घरी आल्यावर त्याने आधी काडतुसं भरली, कायद्याप्रमाणे. मग बायकोला बोलावलं. "हे बघ, उभे." दोन्ही घोडे ओढून धरले. "आणि हे बघ, बसले. पूर्वी चाप दाबून, जीव मुठीत धरून उतरवावे लागायचे. आता नुसता अंगठा सोडायचा. केवढी सुधारणा!"

ती जवळ येऊन वाकून बघत राहिली. जुनी गेल्यापासून तिला धड जेवण जात नव्हतं. "पुन्हा दाखवा," म्हणाली. त्याने पुन्हा दाखवलं. मग ती इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसली. "बसलेत," म्हणाली, आणि चहा टाकायला गेली. त्या संध्याकाळी हवालदार इतका सुखात होता की कारकुनाला कधीतरी घरी बोलवावं, असंसुद्धा त्याला वाटून गेलं.

सकाळी तो न्हाणीघरात असताना बार झाला.

अंगावर पाणी तसंच घेऊन तो धावला. खिडकीची चौकट उडाली होती. खोलीभर धूर आणि चुना. बायको खुंट्यांखाली जमिनीवर बसली होती, हातात फडकं होतं. रक्त कुठे नव्हतं. तो तिला हलवत होता, हाका मारत होता आणि ती त्याच्या ओठांकडे बघत होती. मग नको तितक्या मोठ्याने म्हणाली, "घोडे बसलेले होते हो."

काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं शेजारी म्हणाले. तिचा डावा कान मात्र कायमचा गेला. पोलिसांनी बंदूक नेली, परवाना अडकवला, कोट जमा झाला. ही सगळी झळ हवालदाराने सोसली, कारण त्याला एकच आस होती. बंदुकीत खोट निघू दे. कारखान्याला दोष लागू दे.

तपासनीसाने सांगितलं, "बंदूक उत्तम आहे. जशी केली तशीच चालते."

तो तडक दुकानात गेला, भांडायलाच. दुकानदाराने मुकाट्याने तसलीच दुसरी बंदूक काढली. घोडा ओढला, सोडला. घोडा बसला. मग चाप दाबला, आणि आतून खट्कन आवाज आला.

"खरे घोडे आत आहेत, काका. हे बाहेरचे नुसते कान, दिसायला घोडे. ओढले की आतलं ताणतं आणि हे परत येऊन बसतात. आतलं उतरवायची कळ खाली आहे, ही. तेच सांगत होतो."

हवालदाराने त्याच्या हातून बंदूक घेतली, घोडा ओढला, सोडला, बघितलं. पुन्हा ओढला. अतिशहाणा, असं तो स्वतःलाच मोठ्याने म्हणाला. दुकानदाराने नजर दुसरीकडे वळवली. पोरगा भला होता.

घरी शेजारीण बसलेली होती आणि बायको तिला तेच सांगत होती, जे ती गल्लीत सगळ्यांना सांगत आली होती. "माझीच चूक. पुसताना घोडा ओढला गेला असणार माझ्याकडून. ह्यांनी तर दोनदा दाखवून ठेवली होती." आणि चमत्कार असा, की हे सांगता सांगता ती सावरत चालली होती. जेवत होती, झोपत होती. मुलीने निरोप पाठवला होता, खरं काहीही निघो, बाबा, आईला तसंच समजू द्या.

शेजारीण गेली. हवालदार दारातच उभा राहिला. गप्प बसला असता तर काही बिघडलं नसतं. पण आपल्या पापाचं ओझं बायकोने वाहावं आणि वर आपल्यालाच चांगलं म्हणावं, हे त्याच्याने बघवेना. तो तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसला आणि सगळं सांगितलं. बंदुकीचे बाहेरचे कान, आतले घोडे, दुकानदार, काहीच लपवलं नाही. "तुझी काही चूक नाही. भरून, ताणून मीच तुझ्या डोक्यावर टांगली होती."

त्याला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर शिव्या तरी देईल. दोन्हींची त्याने तयारी ठेवली होती.

तिने फुटक्या खिडकीकडे बघितलं. मग म्हणाली, "माझीच चूक असती तर बरं झालं असतं."

"असं का म्हणतेस?"

"माझा हात मी सांभाळला असता. पण डोळ्यांना दिसलं, तेच खोटं निघालं. आता तुम्ही रोज शेजारी येऊन झोपाल आणि म्हणाल, काही नाही गं, झोप. मी काय बघून झोपू?"

हवालदाराने तोंड उघडलं. तिला सांगण्यासारखं त्याच्यापाशी जे काही होतं, ते सगळं नुसतं बोलणंच होतं.