सगळ्यांचा ‘माझा’

सकाळी फोन वाजला. सेल्वा होता, अण्णाच्या संघातला जुना बचावपटू. एरवी फोनवरही मैदानात ओरडल्यासारखा बोलणारा हा माणूस अगदी हळू म्हणाला, “अक्का... अपना माझा गया.” थोरला भाऊ गेल्याची बातमी मला अशी कळली. बनशंकरीला त्याच्या घरी पोचले तर बाहेर ओळखीची-अनोळखी माणसं, बरेचसे जुने खेळाडू, बहुतेकांचे गुडघे गेलेले, आणि जो तो हेच म्हणत होता, ‘माझा गेला.’ मधुकर हे त्याचं खरं नाव. ते तिथं मला आणि वहिनीला सोडून कुणाला आठवत असेल असं वाटत नाही.

या नावाची कथा मजेशीर आहे. अण्णा बेळगावहून बेंगळुरूला आला तो जवळच्या होसकोटेच्या एका कारखान्याच्या फुटबॉल संघात गोलकीपर म्हणून. नोकरी एका हंगामापुरती, खेळ दिसला तर कायम. मी टायपिंगची नोकरी धरून पाठोपाठ आले आणि राजाजीनगरात एका खोलीत आमचा संसार सुरू झाला. भात मी करायची, तो जळतोय हे अण्णा सांगायचा. बाबांचं बेळगावात भांड्यांचं दुकान होतं. त्यांनी पोराला निरोप देतानाच बजावलं होतं, “चेंडू अडवून कुणाचं पोट भरलंय काय? हा हंगाम खेळ. कायम केलं नाहीत तर गप दुकानात येऊन बसायचं.” अण्णा दुकानात बसला असता तर वर्षभरात सुकून गेला असता. हे मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, आणि मला वाटतं बाबांनाही ठाऊक होतं.

पहिल्याच सामन्यात घोटाळा झाला. उंच चेंडू गोलसमोर आला. असा चेंडू आपण घेणार असलो की कीपरनं मोठ्यानं तसं सांगायचं असतं, म्हणजे बचावपटू बाजूला होतात. अण्णा जिवाच्या आकांतानं ओरडला, “माझाऽऽ!” आता त्याच्या संघात तमिळ, कन्नड, मल्याळी, सगळे होते, मराठी एकटा हा. आणि जवळपास त्याच नावाचं आंब्याचं सरबत तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर बाटलीत मिळायचं. सेल्वा गोंधळून त्याच्याकडे बघत राहिला, चेंडू सेल्वाच्या डोक्याला लागून आमच्याच गोलमध्ये गेला. कोच तर भडकलाच. “एनो इदु? काय हे? गोलमध्ये उभा राहून ज्यूस मागतोस?”

हुकूम सुटला, ‘कीपर’ असं इंग्रजीत ओरडायचं. अण्णानं मनापासून सराव केला. कपडे धुताना, दाढी करताना, आमटी फुंकताना ‘कीपर, कीपर’ चालू. घरमालकीणबाई एकदा वर येऊन विचारून गेल्या, कुणाला बरं नाही का. पण पुढच्या सामन्यात चेंडू हवेत चढला आणि याच्या तोंडून पुन्हा तेच. जीव टांगणीला लागला की माणूस कोणत्या भाषेत ओरडेल हे कोचच्या हातात थोडंच असतं? अण्णाला राखीव खेळाडूंत बसवलं. त्या दिवसांत तो घरी आला की जेवण अर्धं टाकून उठायचा. मला त्याची फार काळजी वाटायची, आणि त्या कोचचा फार राग यायचा.

सोडवणूक केली ती सेल्वानं. ज्याच्या डोक्याला लागून गोल झाला तोच. तो कोचला म्हणाला, “सर, उसको नै आता तो छोडो. एकीच वर्ड है, हमीच सीख लेते.” ...एका माणसाला इंग्रजी शिकवण्यापेक्षा बचावातल्या चौघांनी एक मराठी शब्द शिकणं सोपं, हे इतका वेळ कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं! अण्णा परत गोलमध्ये उभा राहिला आणि मग त्यानं जे काही अडवलं, काय सांगू. समोरचे प्रेक्षक सरबताच्या बाटल्या नाचवून चिडवायचे. हा हसून हात हलवायचा. हळूहळू आमच्या बाजूचे लोकही तो आला की ‘माझा! माझा!’ असा गजर करायला लागले.

विजेतेपद ठरवणारा शेवटचा सामना बघायला बाबा बेळगावहून आले. अण्णाला सोबत न्यायच्या तयारीनंच आले होते, कारण कायम करण्याबद्दल कारखान्यातून अजून कुणी चकार शब्द काढला नव्हता. आम्ही एका गोलनं पुढे होतो. संपता संपता समोरच्यांना कॉर्नर मिळाला. एवढा गोंगाट की शेजारच्याचं ऐकू येईना. चेंडू वळत आत आला, आणि अण्णाचं तोंड उघडलेलं मला लांबून दिसलं. आवाज कसला ऐकू येतोय! पण आमचे चौघे एकदम खाली वाकले, आणि त्यांच्या डोक्यांवरून झेपावून अण्णानं चेंडू छातीशी धरला तो धरलाच.

सगळं स्टेडियम उभं राहिलं. कारखान्यातला एक जाडजूड गृहस्थ बाबांच्या खांद्यावर थाप मारून ओरडला, “नोडी सर, नम्म माझा!” बघा, आमचा माझा!

बेळगावच्या माणसाला कन्नड शिकवावं लागत नाही. बाबांनी त्याचा हात खांद्यावरून बाजूला केला. “निम्मवनल्ल री,” म्हणाले, तुमचा नव्हे हो. मग मराठीत, इतक्या मोठ्यानं की पुढच्या चार ओळी वळल्या, “माझा आहे तो! माझा थोरला!” आणि बाबा लहान मुलासारखे रडायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच परत गेले. अण्णा कायम झाला, नव्वदचं सगळं दशक गोलमध्ये उभा राहिला, पुढे राज्याकडून खेळला, आणि त्या नोकरीवर त्यानं बनशंकरीत घर बांधलं. सामन्याआधी गोलची आडवी दांडी हातानं शिवायची त्याची सवय होती, तशीच घरात शिरताना तो दाराची वरची चौकट शिवायचा. तिथला रंग कधीच उडालाय. परवा मी गेले तर दार उघडं होतं. आत जाताना माझाही हात वर गेला. पोचेना. इकडे तिकडे कुणी नाही असं बघितलं, पदर खोचला, आणि या वयात, या गुडघ्यांनी मी चक्क उडी मारली. पोचला!

“काय पडलं गं?” वहिनी आतून ओरडली.

“काही नाही,” मी म्हटलं. “काही पडलं नाही.”