सोन्याची सुई आणि सुशीलाची बाटली

सुई भरून तयार होती. मंगळवार, सकाळचे सव्वानऊ. सुशीला खाटेवर पालथी झाली आणि मला तिचे सुजलेले पाय दिसले. घोट्याजवळ बोट दाबलं. खड्डा पडला, भरून आला नाही.

"साहेब, थांबा."

आयानं मेजर डॉक्टरला थांबवायचं नसतं. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं.

"युरिन?"

"क्लिअर, सर."

"ती बाटली हिची नाही साहेब," मी म्हणाले. "सासूनं आत्ता संडासात जाऊन भरली. ही तर बाकावर बसली होती."

मी हे आधीच बोलायला हवं होतं. तेव्हा लक्ष दिलं नाही.

साल १९७१. नागपूरला फौजेच्या इस्पितळात मी आया होते. चौथी पास. सुशीला एका नाईकाची बायको, वय चोवीस. नाईक सीमेवर. तिला आमवात. बोटांचे सांधे सुजलेले, सकाळी दोन तास मूठ वळत नसे. त्या काळी या आजारावर सोन्याच्या क्षाराची सुई देत, दर आठवड्याला. सांध्यांना गुण येई, पण किडनी बिघडायची भीती. म्हणून आधी लघवी नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. पांढरी झाली तर सुई बंद. मेजरनी हे सगळं तिच्या सासूला, कौतिकाबाईला, समजावलं होतं. तिनं त्यातलं सोनं तेवढं ऐकलं.

मी सुशीलाला नेऊन नवी बाटली भरून आणली. नळी तापवली. ताकासारखी पांढरी झाली.

"इंजेक्शन बंद. ॲडमिट करो," मेजर म्हणाले. मग सासूकडे वळले. "क्यों किया?"

"एका हातानं सोनं टोचता अन् दुसऱ्या हातानं लघवीतून काढून घेता," कौतिकाबाई म्हणाली. "दिवा लावून आटवता, मी पाहून राहिली ना. सोनारापुढची मातीबी झारेकरी सोन्याचे कण काढाले धुऊन नेते. मले का येडी समजता?"

मी हे हिंदीत सांगितलं. चेहरा सरळ ठेवला.

"तो इसका युरिन कहाँ है?"

"घरी. सा बाटल्या. नरखेडच्या सोनाराले दाखवाच्या हायेत."

सिस्टर बाहेर गेली. मेजर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

सुशीला उठून बसली. "आत्याबाई, मी सकाळी भरून दिलेली बाटली तुमी घरीच ठेवत होत्या? मी घरात वास येते म्हणून मेला उंदीर शोधून राहिली होती."

"चूप राय वं. तुह्याच नावानं ठेवलं असतं सोनं."

मेजरनी आजचा धरून सहा रिपोर्ट काढले. सगळे उत्तम. ते सुशीलाच्या कागदांतून काढून त्यांनी वर सासूचं नाव घातलं आणि खाली लिहिलं, फिट फॉर सर्व्हिस.

सर्व्हिस लगेच लावली. रोज सकाळी सुनेचे हात कोमट पाण्यात, वीस वेळा मूठ. कौतिकाबाई ड्रिल हवालदारासारखी ओरडायची, "मीट. उघड. मीट. कामचोरी नाही." वॉर्डातल्या बाकीच्या बायकाही घाबरून मुठी वळायच्या. गोळ्या चुकल्या तर ती माझ्याकडे तक्रार करायची, मेजरकडेही करायची.

चार महिन्यांनी नळी स्वच्छ झाली. दोन बोटं वाकडी राहिली. सुशीला कणीक मळू लागली.

डिसेंबरात लढाई झाली. नाईक परत आला नाही. सुशीला जगली, आणि कौतिकाबाईही.