गिऱ्हानाचा सदरा

"काढ तो सदरा."

मास्तर बोलले. चौथीचा वर्ग. मी दाराजवळ, गोनपाटावर. त्याच्या आधी पाटलाचा शंकर बोट दाखवून वरडला होता, "मास्तर, तो माहा सदरा आहे! गिऱ्हानात दिलता! त्याच्यात पीडा आहे!"

मले सदरा काढा लागला. पोरं अंग चोरून सरकली. मास्तर म्हनले, "बाहीर बस. पीडा घेऊन वर्गात येतं कायले?" थंडीचे दिवस. उघड्या अंगानं ओट्यावर बसून मी आतला पाढा बाहेरून म्हनत राह्यलो. रडू नाही आलं. राग आला. तो अजून आहे, अन् 'जाऊ द्या आता' असं मले कोनी सांगू नये. शुद्ध भाषेत माहे निबंध छापलेले आहेत. हे मी माह्या बोलीतच सांगनार.

आमचं गाव नेरच्या बाजूचं. तिथला रिवाज असा. ग्रहण लागलं की म्हारपुऱ्यातल्या बायामानसांनी वरच्या आळीत जाऊन वरडाचं, "दे दान, सुटे गिऱ्हान!" मंग दारादारातून जुने कपडे, किडकी जवारी वरून टाकत. लोक त्याले दान म्हनत. कायचं दान? घरावर आलेली पीडा फडक्यात गुंडाळून आमच्या अंगावर ढकलत होते. माही माय पदर पसरून घ्यायची. त्यातलाच तो सदरा. वरून टाकाचा बी याच लोकायनं, अन् वर्गात दिसला की काढून घ्याचा बी याच लोकायनं. वा रे वा!

त्या दिवशी मायले विचारलं, "काहून आनतं वं माय हे?"

"अंग झाकाले लागते न बापा."

"सूर्याले खरंच कोनी गिळते काय?"

"मले का माहीत! तू शीक, अन् मंग मले सांग."

तेवढ्यासाठी शिकलो. नागपूरले गणित घेतलं. गणितातून आकाश लागलं हाती, अन् आकाशातून जुनी पंचांगं, जुन्या तिथ्या, जुने शक. एखादा शिलालेख कोन्या सालचा ते ठरवाचं असन, तर त्यात सांगतलेलं ग्रहण पकडाचं. सूर्य-चंद्राची चाल मागं मोजत जायचं. त्या तिथीले खरंच ग्रहण होतं का पाहाचं. मले त्याचं याडच लागलं.

छप्पनले आमच्या वस्तीनं नागपूरले जाऊन धम्मदीक्षा घेतली. परत आल्यावर ठरलं, मेलेलं ढोर ओढाचं नाही, गिऱ्हान मागाचं नाही. सगळ्यात आधी हात वर केला माह्या मायनं.

त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात सकाळचं सूर्यग्रहण आलं. तेव्हाच माह्या सरांनी सांगतलं होतं, "तुमच्याच गावच्या देवळात ग्रहणाचा उल्लेख असलेला शिलालेख आहे. ठसा घेऊन या. त्यावरच प्रबंध करा." ओला कागद दगडावर ब्रशनं ठोकून बसवाचा, वरून शाई फिरवाची, की अक्षरं उमटते. सगळं सामान घेऊन गावी गेलो. देवळाची किल्ली पाटलापाशी.

त्याच्या घराच्या वाटेवर असतानाच ग्रहण लागलं. पाटलाच्या ओट्यावर सगळं घर जमलं होतं. आळी चूप. म्हारपुऱ्यातून कोनी म्हनजे कोनी आलं नव्हतं. सून पोटुशी, तिले आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवलेलं. पाटलीन रडून राह्यली होती, "पीडा कोन नेईन वं आता?"

पाटलानं मले पाह्यलं. एका हातात जुनं धोतर, दुसऱ्या हातात किल्ली.

"बरं झालं आला. दगड पाहाचा आहे न तुले? एकदा वरड, हे धोतर घे, अन् किल्ली ने."

शंकर मागून म्हनला, "काय होते रे? आधी घेतच होते न तुम्ही."

मायनं लोकायच्या वावरात निंदन करकरून मले शिकवलं होतं, अन् ते सगळं शिक्षन त्या किल्लीवर येऊन अडकलं होतं. एकदा वरडाचं, बस. पन शाळेच्या ओट्यावरची ती थंडी मले अंगभर आठवली.

"पाटील, गिऱ्हान आपोआप सुटते. बसा, पाहा."

ग्रहण पाहाले आनलेली काजळी धरलेली काच मी त्याच्या पायरीवर ठेवली अन् रस्त्याच्या मधात उभा राह्यलो. धोतर माह्या पायापाशी येऊन पडलं. मी वाकलो नाही. हळूहळू ऊन भरत आलं. सूर्य पुरा मोकळा झाला. सून बी खोलीतून धडधाकट बाहेर आली.

"सुटलं," मी म्हनलं.

पाटलानं किल्ली कनवटीले खोचली. "मंग तुहा दगड बी आपोआप वाच."

प्रबंध बुडाला. विषय बदलावा लागला, वर्ष गेलं. काही वर्षांनी सरकारी खात्याच्या एका बाबूनं तोच ठसा सहज आनला. त्याच्या आडनावाले देऊळ उघडं होतं. तारीख काढाले नक्कल माह्या टेबलावर आली. वाचली. राजानं सूर्यग्रहणाच्या दिवशी, पुण्य लागावं म्हनून, आमचंच गाव एका बामनाले दान दिलतं. शेत, झाडं, पानी, सगळ्यासकट. चंद्र-सूर्य आहेत तोवर.

असंच ग्रहण. त्याले गाव, मले सदरा! त्याच्या दानात पीडा नव्हती काय? त्याले कोन्या मास्तरनं उघडं बसवलं? सांगा न!

तारीख काढली. ग्रहण बरोबर जुळलं. मंग गावी जाऊन मायले सांगतलं, "सूर्याले कोनी गिळत नाही माय. चंद्र आडवा येते."

मायनं आयकून घेतलं. मंग म्हनली, "अन् आपल्या आडवं कोन आलं, थे बी लिहून ठेव."

लिहून राह्यलो. शिलालेखात ग्रहणाचं दान जिथं जिथं सापडते, तिथं तारखेच्या खाली एक ओळ घालतो. त्या दिवशी गाव कोनाले भेटलं, अन् पीडा कोनाच्या अंगावर टाकली. संपादक लेख परत धाडते. म्हनते, ही ओळ तेवढी काढा, बाकी उत्तम आहे.

एकदा काढा म्हनले, तवा मी सदरा काढला. ही ओळ मी काढनार नाही.