सुपारीएवढं घड्याळ

आमच्या ह्यांना परदेशात जुनी घड्याळं विकत घ्यायचा नाद आहे. लोक व्हिएन्नाला जाऊन राजवाडे बघतात. मीही बघितले, बाहेरून. घड्याळांची दुकानं मात्र एकूण एक आतून पाहिली. हे डोळ्याला भिंग लावून दुकानदारासमोर बसणार आणि मी बाजूच्या स्टुलावर दोघांचे कोट सांभाळत. वारज्याला परत आल्यावर शेजारणी विचारतात, काय काय पाहिलंत? काय सांगणार, कप्पाळ!

तरी मी कधी कुरकुर केली नव्हती. ही सगळी किल्लीची घड्याळं, रोज किल्ली दिली नाही की बंद. हे सकाळी खराडीच्या ऑफिसला पळतात, म्हणून ते काम माझं. पूजा आटोपली की देवांनंतर घड्याळांचा नंबर. किल्ली कुठे घट्ट लागते, कुठे थांबायचं, हे माझ्या बोटांना पाठ झालं होतं.

त्या दिवशी व्हिएन्नातल्या एका गल्लीत मी पहिल्यांदाच स्वतःसाठी काचेवर बोट ठेवलं. आत बायकांचं एक घड्याळ होतं, सुपारीएवढं, काळ्या दोरीच्या पट्ट्याचं. माझी आई शाळेत शिकवायची, तिच्या हातात हुबेहूब असंच असायचं. मला जवळ घेऊन पडली की ते माझ्या कानाशी टिकटिकायचं. आई गेल्यावर ते भावजयीकडे गेलं आणि तिनं ते चक्क मोडीत काढलं. मी तेव्हा गप्प बसले. आता दुकानदारानं हे माझ्या तळहातावर ठेवलं आणि मला भरूनच आलं. मी म्हटलं, “अहो, हे मला हवंय.”

ह्यांनी भिंगातून पाहिलं. मग मराठीत म्हणाले, “ठेव ते. डायल नंतर रंगवलेलं आहे, आत भलतंच काहीतरी भरलेलं असणार. तुला यातलं काही कळत नाही.”

मी ठेवलं. नवऱ्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर? दुपारी मी हॉटेलात पाय वर करून पडले होते, तेव्हा हे डोकेदुखीची गोळी आणायला म्हणून गेले. बराच वेळ लागला. परक्या गावात औषधाचं दुकान सापडत नसेल बिचाऱ्यांना, असं मला वाटलं. बिचारे म्हणे!

दिवाळीत भाऊबीजेला धायरीहून नणंद आली. ओवाळायचं ताट मीच तयार केलं. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता, सगळं. तिनं ओवाळलं आणि ह्यांनी झब्ब्याच्या खिशातून डबी काढून त्या ताटात ठेवली. तिनं उघडली. तेच घड्याळ.

“दादा, किती गोड आहे रे!”

“दुकानात पाहिलं आणि तुझीच आठवण झाली,” हे म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी आत जाऊन बासुंदी ढवळत उभी राहिले. आटलेली होती, तरी ढवळत राहिले. रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता.

ती गेल्यावर विचारलं, तर म्हणतात, “अगं, तू कुठे घड्याळ वापरतेस? मोबाईल आहे की. आणि तिला दरवर्षी काय द्यायचं हा प्रश्नच असतो.”

“मग रंगवलेलं आहे असं का सांगितलंत?”

त्यावर पेपर उघडला. सरळ नाही म्हणाले असते तर मी दोन दिवस फुगून बसले असते आणि विसरले असते. पण खोटं बोलून माझ्या हातातून काढून घेतलं, आणि माझ्याच हातच्या ताटात दुसरीला घातलं. हे मी कसं विसरू?

पुढच्या रविवारी नणंद परत आली. “वहिनी, हे तर बंदच पडलं. कुठला सेल लागतो ह्याला?”

मी काही बोलायच्या आत हे मोठ्या कौतुकानं म्हणाले, “वहिनीला दे. तिला सगळं कळतं यातलं.”

मी किल्ली दिली. घट्ट लागल्यावर थांबले आणि घड्याळ कानाशी धरलं. आईच्या घड्याळाचाच आवाज. मग ते नणंदेच्या मनगटावर बांधलं, रोज किल्ली कशी द्यायची तेही शिकवलं. तिची बिचारीची काय चूक?

दुसऱ्या दिवशी पूजा झाली आणि मी सरळ चहा टाकला. घड्याळांच्या कपाटाकडे वळलेच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

शेवटी एकदा ह्यांनी कपाट उघडलं. एक उचलून हलवून पाहिलं, मग दुसरं. “अगं, ही सगळी बंद कशी पडली?”

“सेल संपले असतील,” मी म्हटलं.