सिस्टरच्या मागची सीट

सिस्टर कोणाशीही बोलायला लागल्या की आधी त्याचं मनगट धरायच्या. नाडी बघत नसायच्या, नुसती सवय. माझ्या फोटो स्टुडिओत फोटो न्यायला आल्या तरी काउंटरवरून हात पुढे करून माझं मनगट धरणार आणि विचारणार, "सकाळी काय खाल्लं, भाऊ?"

"पोहे."

"पोहे म्हंजे जेवन व्हय का? दुपारी चक्कर आली म्हंजे समजन."

आपण धडधाकट असतो, पण त्यांनी असं मनगट धरून ठेवलं की आपलीच आपल्याला काळजी वाटायला लागते.

त्यांचं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक असेल. मला ते पासपोर्ट फोटोच्या पाकिटावर लिहावं लागायचं म्हणून ठाऊक. इथं लिहीत नाही, कारण त्या नावानं मालेगावात विचारलंत तर कोणी घर दाखवणार नाही. मालेगाव म्हणजे आमचं, वाशीम जिल्ह्यातलं. नुसतं 'सिस्टर' म्हणा, पोट्टेही तुम्हाला दारापर्यंत सोडून येतील.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी नर्स म्हणून खेड्यापाड्यांतल्या आरोग्य उपकेंद्रांवर काढली. एसटी मुक्कामी गावाच्या पुढे जात नाही आणि बाळंतपण एसटीची वाट बघत नाही, म्हणून तरुणपणीच मोटारसायकल शिकल्या. कोरड्या तळ्यात. मागच्या सीटवर लसींचा निळा डबा बांधायचा आणि निघायचं. नवरा एसटीत कंडक्टर. त्यांना सायकलही येत नव्हती, आणि हे ते अभिमानानं सांगायचे.

आता आमच्या ग्रुपबद्दल. आम्ही पाच-सहा जण, रविवारी सकाळी मोटारसायकली काढून कारंज्याला सांभारवडी खायला जातो. मी, गॅरेजवाला मिस्त्री, भाजीचा मळा असलेला सुधाकर आणि आणखी दोघंतिघं. सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. हिवाळ्यात ती ढिगानं येते. ती खोबरं, खसखस, तिखट घालून परतायची, बेसनाच्या पातळ पारीत गुंडाळायची आणि तळायची. कारंज्याच्या जुन्या बाजारात एक टिनपत्र्याचं हॉटेल आहे. तिथली वडी तोंडात टाकली की आधी कुरकुरते, मग सगळं हिरवं तिखट एकदम सुटतं. वर कढी. तुम्ही कधी त्या बाजूनं गेलात तर खाऊन बघा, मी हॉटेलाचं नाव सांगायची गरज नाही. वासावर सापडतं.

हा आमचा बेत सिस्टरना माझ्या दुकानातच कळला. त्या नुकत्याच रिटायर झाल्या होत्या.

"कोन कोन जाऊन राह्यले?"

मी नावं सांगितली.

"आमी दोघं येतो."

मला वाटलं, कोणाच्या तरी मागे बसतील. रविवारी सकाळी चौकात बघतो तर सिस्टर सलवार-कमीजवर स्वेटर घालून, हेल्मेट लावून मोटारसायकलवर पुढे, आणि मागे कंडक्टरभाऊ. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. मिस्त्रीनं मला कोपर मारलं. कंडक्टरभाऊंनी शांतपणे मागे वळून 'बसले का सगळे?' म्हणून विचारलं आणि सिस्टरच्या खांद्यावर दोनदा थाप मारली. टिंग टिंग. गाडी निघाली.

त्या दिवसापासून ग्रुपच्या गाड्या त्या थापेवरच निघायला लागल्या.

सिस्टरसोबत जायचं म्हणजे वेळेचा हिशोब सोडायचा. रस्त्यावरच्या प्रत्येक गावात त्यांच्या हातची कोणीतरी बाई, कोणीतरी बाळ. बाळं आता मिशा फुटलेली. फाट्यावर कोणी हात केला की सिस्टर थांबल्याच. आमच्या मागच्या गाड्याही थांबायच्या. "बीपीची गोळी चालू हाये ना? सोडली काहून? मी रविवारी पुन्हा येतो, पाह्यतो तुले." आमच्याकडे बायकाही 'येतो', 'पाह्यतो'च म्हणतात.

सुधाकरला गाडी पळवायची भारी हौस. एकदा त्यानं ट्रकच्या बाजूनं अशी काही गाडी काढली की आमचा श्वास अडकला. शेलूबाजारला चहाला थांबलो तेव्हा सिस्टरनं त्याचं मनगट धरलं.

"हाड मोडलं त अकोल्याले न्या लागन. मालूम हाये ना?"

"हो, सिस्टर."

"अकोल्याच्या दवाखान्यात सांभारवडी भेटत नाही. खिचडी भेटते. बिनमिठाची."

सुधाकर त्यानंतर वर्षभर तरी सिस्टरच्या पुढे गेला नाही.

हॉटेलात त्या दोघांचं एक ठरलेलं होतं. सिस्टर वडी मोडून तिचे तुकडे कंडक्टरभाऊंच्या ताटात ठेवायच्या आणि वाटी त्यांच्या हाताला लावून द्यायच्या. "कढी इथं हाये." आम्हाला वाटायचं, काय लाड आहेत म्हाताऱ्याचे. मिस्त्री तर तोंडावर म्हणायचा, "सिस्टर, आमच्या घरी जरा क्लास घ्या न." त्या हसायच्या. वाटेतही त्या गाडी चालवता चालवता मान किंचित वळवून सतत काहीतरी बोलत असायच्या. वाऱ्यामुळे आम्हाला ऐकू यायचं नाही.

गाव हसायचं, हे खरं. बाई हँडलवर आणि बाप्या मागे पिशवी धरून. पानठेल्यावर कोणी म्हणायचं, "कंडक्टर, तिकीट काढलं का?" ते म्हणायचे, "पास हाये." आणि पुढे जायचे. पण एका हिवाळ्यात शेलूबाजारच्या चहाच्या टपरीसमोर कोणीतरी त्यांचा व्हिडिओ काढला, खाली एक टवाळ गाणं चिकटवलं आणि तो फिरत फिरत त्यांच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. तिथून पुण्याला, त्यांच्या मुलाच्या फोनवर.

मुलगा तिकडे एका कंपनीत आहे. एकुलता एक, सालस. तो शनिवारी आला. रविवारी उठला तर आईवडील घरात नाहीत, गाडी दारात नाही. शेजाऱ्यांनी सांगितलं, कारंज्याला गेले. त्यानं कार काढली.

आम्ही नुकतेच बसलो होतो. वड्यांची परात यायची होती. तो आत आला, आमच्याकडे बघून कसाबसा नमस्कार केला आणि आईसमोर उभा राहिला.

"आई, घरी चल."

"बस आंधी. गरम येऊन राह्यली."

"लोक हसताहेत, आई. माझ्या मेव्हण्यानं मला पाठवला तो व्हिडिओ. ऑफिसात बसून पाहिला मी. बाबांना मागे बसवून फिरतेस, आणि वर हे एवढं अंतर. ती गाडी विकून टाका आणि चला माझ्याकडे."

सिस्टर कागदाला बोटं पुसत राहिल्या. बोटांना अजून काही लागलंही नव्हतं. आम्ही सगळे कढीच्या वाट्यांत बघायला लागलो. एवढ्यात कंडक्टरभाऊ बोलले. आमच्यासमोर ते इतकं कधी बोलले नव्हते.

"कोन हसलं?"

"सगळेच, बाबा."

"मी जलमभर गाडीत मागंच राह्यलो. चालवनारा समोर, मी मागं. कोन्या पॅसेंजरले हसू नाही आलं. तुहं शिक्शन त्या मागं राहूनच झालं, बाबू. आता गाडी तुही माय चालवते. एवढाच फरक हाये."

मुलगा काही बोलणार होता. त्यांनी हात वर केला.

"आन दुसरी गोठ. मले आता दिसत नाही बराबर. शुगरनं डोये गेले. मानूस समोर उभा राह्यला त सावली दिसते फक्त. तुले सांगतलं नाही आमी. तुही माय गाडीवर सांगत जाते मले. कपाशी फुटली, तुरीले पिवळा फूल आला, संत्र्याचा बगीचा आला, मेंढरं चालले. एवढे वर्ष या रस्त्यानं गेलो, तिकिटं फाडता फाडता कधी बाहीर पाह्यलं नाही. आता पाह्यतो."

वड्यांची परात टेबलावर आली आणि कोणी हात लावेना. मिस्त्रीनं डोळ्यांवरून बाही फिरवली आणि धूर लागल्याचं नाटक केलं. मुलगा बाकावर बसला. पुण्याची भाषा त्याच्या तोंडातून कुठल्या कुठे गेली.

"मले काहून नाही सांगतलं, आई?"

"तू घेऊन गेला असता. तिथं तुह्या बाबाले मी काय सांगू? ही बिल्डिंग आली, ते बिल्डिंग आली?"

तो रडला नाही, वडी खाल्ली. पहिला तुकडा त्यानं मोडून वडिलांच्या ताटात ठेवला, पण वाटी हाताला लावायची राहिली. ती सिस्टरनं लावली.

निघताना त्यानं कारची किल्ली माझ्या हातात दिली. माझी गाडी त्या दिवशी दुरुस्तीला होती आणि मी मिस्त्रीच्या मागे आलो होतो. "काका, बाबांना तुम्ही आणा," म्हणाला आणि आईच्या मागे जाऊन बसला. मोठा सहा फुटी माणूस, गुडघे बाहेर आलेले. सिस्टरनं विचारलं, "पकडलं का नीट?" तो म्हणाला, "हो." लहानपणी विचारत असतील तसंच विचारलं त्यांनी.

कारमध्ये कंडक्टरभाऊ माझ्या शेजारी ताठ बसले होते. दर थोड्या वेळानं विचारत होते, "आहेत ना मागं दोघं?"

"आहेत."

"बोलून राह्यले का?"

मी आरशात पाहिलं. मुलानं हनुवटी आईच्या खांद्यावर टेकवली होती आणि सिस्टर मान किंचित वळवून बोलत होत्या. मी तसं सांगितलं. कंडक्टरभाऊ खिडकीकडे तोंड करून बसले, बघत असल्यासारखे.

गाडी विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मुलगा नंतर दोन-तीनदा आमच्यासोबत आलाही. सिस्टर शेवटी पुण्याला त्याच्याकडेच गेल्या, आता तिथंच असतात. पण त्याआधीचा एक हिवाळा सांगायचा राहिलाय.

त्या वर्षी पावसाळ्यात कंडक्टरभाऊ गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. घरी बुद्धवंदना झाली, सारं गाव आलं, पानठेल्यावर हसणारेही आले. सिस्टर आलेल्या प्रत्येकाला पाणी देत होत्या.

थंडी सुरू झाली तसं आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्या म्हणाल्या, "येतो." रविवारी आल्याही. पण पेट्रोल पंपाच्या पुढे जरा गेलो असू, तर त्यांनी गाडी बाजूला घेतली. आम्ही सगळे थांबलो.

"काय झालं, सिस्टर?"

"गाडी हलकी लागून राह्यली."

मिस्त्रीनं वाकून टायर पाहिले, चेन पाहिली. सगळं ठीक होतं.

"तसं नाही रे. आंधी मागं लसीचा डब्बा राहे. मंग हे राह्यले. मागं काहीच नाही अशी गाडी मी कधी चालवली नाही. वळनावर भेव लागते." हजार बायकांना "भेव नको, मी आहो ना" म्हटलेली ही बाई. त्या परत फिरल्या. आम्हीही त्या दिवशी कारंज्याला गेलो नाही.

पुढच्या रविवारी सुधाकर मळ्यातून आलूचं पोतं घेऊन सिस्टरच्या दारात हजर. सोबत सुतळी.

"सिस्टर, हे मागं बांधून देतो. वजन होईन."

सिस्टर पोत्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. त्या हसायला लागल्या. पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच.

"माह्या मानसाच्या जागी आलूचं पोतं आनलं का रे, मेल्या?"

सुधाकर ओशाळून पोतं ओढायला लागला. माझी बायकोही तिथंच होती. सिस्टरसाठी भाकरी आणि ठेचा घेऊन ती माझ्यासोबत आली होती. ती आमच्या ग्रुपमध्ये कधीच आलेली नाही. एवढ्या थंडीत वडी खायला दुसऱ्या गावाला जाणारी माणसं तिच्या मते रिकामटेकडी. तिनं डबा ओट्यावर ठेवला.

"सरकव ते पोतं," ती सुधाकरला म्हणाली. "मी बसतो."

"तू?" मी म्हणालो.

"काहून? मले वजन नाही का?"

ती एका अंगाला बसायला गेली तसं सिस्टरनं तिला थांबवलं. "दोन्हीकडं पाय टाक, बाई. तशी बसली त गाडी एकीकडं वढते." बायको साडीत. तिनं इकडे तिकडे पाहिलं, आमच्याकडे पाहून "तिकडं तोंडं करा सगळे" म्हणाली, निऱ्या वर खोचल्या आणि बसली. एका हातानं तिनं सिस्टरची कंबर धरली. सिस्टरनं गाडी सुरू केली, जरा थांबल्या, मग निघाल्या.

गावाबाहेर पडेपर्यंत त्या अगदी सावकाश चालल्या होत्या. पंप मागे पडला. पहिलं वळण आलं, गेलं. सगळ्यांनी एकदमच वेग थोडा वाढवला, म्हणजे सिस्टरनं वाढवला होता.

शेलूबाजारला नेहमीप्रमाणे आम्ही चहाला गाड्या लावल्या. जीपांच्या गर्दीत सिस्टर मागे अडकल्या होत्या. हातात पेले आले आणि सिस्टरची गाडी आमच्यासमोरून निघाली. थांबली नाही. सिस्टर मान किंचित वळवून काही सांगत होत्या आणि माझी बायको, जिला वारा सहन होत नाही, पदर उडत असताना हात लांब करून वावराकडे दाखवत काहीतरी विचारत होती. आम्ही ओरडलो, हात हलवले. दोघींचंही लक्ष नव्हतं.

काय बोलत होत्या, ते बायकोनं मला अजून सांगितलेलं नाही.